जेवणाच्या टेबलावर असईची लढाई

"शनिवारी दुपारी आमच्याकडे लढाई आहे, जरूर या," असं आमंत्रण तुम्हांला कधी कुणी दिलंय का? हळदीकुंकवाचं देतात, सत्यनारायणाचं देतात, फार तर भिशीचं देतात. मला मात्र लढाईचं मिळालं, आणि तेही परमुलखात.

त्याचं असं झालं. माझा दादा इंग्लंडात लीड्सला असतो. वहिनीचं बाळंतपण मे महिन्यात आलं. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे तिला जाणं शक्य नव्हतं. माझी शाळा अर्धवेळची, त्यात उन्हाळ्याची सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. घर मी बघते." तेव्हा डिंक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून मी निघाले. तिकडे सकाळी बाळाचं न्हाऊमाखू आणि वहिनीचं खाणंपिणं उरकलं की दुपार मोकळी असायची. शेजारी एक निवृत्त जोडपं राहत होतं. बाई बाळाला बघायला आल्या, अळिवाची खीर चाखून गेल्या आणि जाताना हे लढाईचं आमंत्रण देऊन गेल्या.

त्यांच्या गॅरेजात मोटार नव्हतीच. तिथे टेबल-टेनिसच्या टेबलाएवढं एक लांबलचक टेबल होतं. त्यावर हिरवं-पिवळं कापड अंथरलेलं, दोन निळ्या नद्या, काडीपेटीएवढी घरं, आणि त्या सगळ्यांत इंचभर उंचीचे शेकडो शिपाई रांगेनं उभे! दोन प्रौढ पुरुष हातात फूटपट्टी आणि फासे घेऊन गंभीर चेहऱ्यानं त्यांच्याभोवती फिरत होते. मला हसूच आलं. आपल्याकडे किल्ल्यावर मावळे मांडतात ती पोरं तरी दहा-बारा वर्षांची असतात!

म्हातारबुवांनी विचारलं, "तुम्ही भारतात कुठल्या?" म्हटलं, "जालन्याची." तर ते एकदम उभेच राहिले. टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे 'असाय' आहे." मला आधी कळेचना. मग त्यांनी नकाशा उलगडला. भोकरदन, जाफराबाद, केळणा नदी, जुई नदी. अहो, ही तर आपली असई! माझ्याच जिल्ह्यातलं गाव. आठवीच्या वर्गात गेली आठ वर्षं मी फळ्यावर एक ओळ लिहून देत आले होते : 'इ. स. १८०३, असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचा पराभव.' मुली ती लिहून घेत, मी पुढच्या ओळीकडे वळे. ती ओळ इथे हजारो मैलांवर एका गॅरेजात रंगीत होऊन उभी होती.

बाई रंगवतात, बुवा लढतात

मैत्रिणींनो, मला आधी भुरळ पडली ती लढाईची नव्हे, त्या रंगकामाची. शिपाई विकत मिळतात ते बिनरंगाचे, धातूचे नाहीतर प्लास्टिकचे. काही याच उंचीचे, काही पंधरा मिलिमीटरचे, तर काही सहा मिलिमीटरचे, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे. त्यांच्या घरात रंगवायचं काम बाईंकडे होतं. आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. मग काडीला चिकटवून अस्तराचा रंग द्यायचा. त्यावर अंगरखा, विजार, पट्टे, चेहरा. शेवटी पातळ गडद रंगाचा हात फिरवायचा. तो चुण्यांत जाऊन बसतो आणि कापडाला घडी पडल्यासारखी दिसते. वर पारदर्शक रोगण.

इंग्रजांच्या दोन स्कॉटिश पलटणी असईला होत्या. त्यांच्या तांबड्या कोटाच्या कॉलरचा आणि मनगटाच्या पट्टीचा रंग वेगवेगळा. ७४व्या पलटणीचा पांढरा, ७८व्याचा बदामी. तो चुकला तर बुवा जेवत नाहीत, असं बाई डोळे मिचकावून सांगत होत्या. मला आपल्या रुखवताची आठवण झाली. कुणी निम्म्या मिनिटात बघून जाईल अशा वस्तूवर महिनामहिना डोळे फोडायचे, हा वेडेपणा बायकांना काही नवा नाही.

हा खेळ आला कुठून?

दादाच्या पोराला मांडीवर घेऊन मी त्या बुवांची पुस्तकं चाळली. हा खेळ पोरखेळ म्हणून जन्मलाच नाही. १८१२ साली प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थानं राजाला एक टेबल नजर केलं. त्यात डोंगर, नद्या, रस्ते यांचे तुकडे हवे तसे जुळवून रणांगण तयार करता येई. पुढे त्याच्या मुलानं, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि निकाल देणारा पंच अशी नियमांची बैठक बसवली. प्रशियाच्या सेनाप्रमुखाला, म्युफ्लिंगला, तो इतका पटला की त्यानं पलटणींना त्याची शिफारस केली. हा म्युफ्लिंग १८१५ मध्ये वॉटर्लूला वेलिंग्टनच्या बाजूला उभा राहून लढाई पाहिलेला माणूस. फासे कशाला हवेत, हे त्याला सांगावं लागलं नसणार.

वॉटर्लूचं वेड तर विचारूच नका. कॅप्टन सिबोर्न नावाच्या अधिकाऱ्यानं १८३० मध्ये त्या रणांगणाची प्रतिकृती करायला घेतली. आठ महिने तिथल्या शेतघरात राहून जमीन मोजली. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं घातली, संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही कुठे होतात, समोर शेतात कोणतं पीक होतं? मधेच सरकारनं पैसे थांबवले, तर स्वतःचे आणि उसने घातले. १८३८ मध्ये सत्तर हजारांहून जास्त शिपायांची ती प्रतिकृती लंडनमध्ये लोकांपुढे आली. आज ती तिथल्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. त्यानंतर त्यानं केलेली दुसरी प्रतिकृती लीड्सच्या संग्रहालयात आहे, ती दादानं मला दाखवली. सिबोर्नचं कर्ज मात्र अखेरपर्यंत फिटलं नाही. त्याच्या बायकोनं घर कसं चालवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

आणि आता खास आपल्यासाठी एक गोष्ट. बी.ए.ला 'जेन एअर' अभ्यासली असेल त्यांना शार्लट ब्राँटी ठाऊक आहेच. १८२६ च्या जूनमध्ये तिच्या वडिलांनी याच लीड्सहून मुलासाठी लाकडी शिपायांची बारा नगांची पेटी नेली. भाऊ बघतच राहिला आणि दहा वर्षांच्या शार्लटनं त्यातला सर्वांत देखणा शिपाई उचलून जाहीर केलं, हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन! भावानं दुसरा उचलला, तो बोनापार्ट झाला. एमिली आणि अ‍ॅननीही आपापले शिपाई घेतले. त्या शिपायांची राज्यं, लढाया, भांडणं ही भावंडं तळहाताएवढ्या हातशिवणीच्या वह्यांत मुंगीच्या अक्षरात लिहीत राहिली. पुढे जगानं वाचलेल्या त्यांच्या कादंबऱ्यांचा सराव तिथे झाला. शार्लटचा तो लाडका वेलिंग्टन म्हणजे कोण? असईला इंग्रजांचा सेनापती असलेला जनरल आर्थर वेलस्ली. तोच.

एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं १९१३ मध्ये दिवाणखान्यात खेळायच्या छोट्या लढाईवर पुस्तकच लिहिलं. नावातच त्यानं मुलग्यांना वयाची अट जवळजवळ ठेवली नाही, मुलींना मात्र हुशारीची अट घातली! पण शेवटी तो शहाणपणाचं बोलला. टेबलावरची लढाई तीन-चारदा खेळा, म्हणजे खरं युद्ध किती धसमुसळं आणि महागडं प्रकरण आहे ते कळेल, असा त्याचा सूर. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

केळणेच्या काठी

बुवांनी मला शिंद्यांची बाजू दिली. "तुमच्या जिल्ह्याचा मान," म्हणाले.

मांडणी अशी. २३ सप्टेंबर १८०३. आदल्या वर्षी वसईचा तह करून बाजीराव पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. शिंद्यांच्या कवायती पायदळाची संख्या सुमारे १०,८००, तोफा शंभराच्या आसपास, शिवाय हजारोंनी घोडदळ. पायदळाचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा, पूर्वी कंपनीच्या चाकरीत असलेला. आणि बायांनो, त्या फौजेत सरधन्याच्या बेगम समरूंच्याही पलटणी होत्या. स्वतःची फौज बाळगणारी बाई! त्या स्वतः रणांगणावर नव्हत्या, पण त्यांची माणसं होती.

समोर वेलस्ली. कवायती फौज जेमतेम साडेचार हजार, तोफा थोड्या. सोबतीला म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठी स्वार. दुसरी इंग्रज तुकडी येऊन मिळायची होती, पण तो थांबला नाही. वाटाड्यांनी सांगितलं, पुढे नदीला उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. दोन गावं इतकी जवळ आणि मध्ये पाय ठेवायला उतार नाही, हे शक्यच नाही, असा त्यानं कयास बांधला. आणि उतार निघाला! वाचताना वाटलं, नदीच्या एका काठी माहेर नि दुसऱ्या काठी सासर असलेल्या कुठल्याही बाईनं हे त्याला चहा गाळता गाळता सांगितलं असतं.

त्या उतारावर आपला एकही पहारा नव्हता. पण पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही. इंग्रज बाजूनं चढून आले तेव्हा पोलमननं सगळी फळी भराभर वळवून त्यांच्यासमोर उभी केली. ही कवायत आपल्या फौजेला जमेल असं वेलस्लीला वाटलंच नव्हतं. आणि गोलंदाजांनी तर कमाल केली. असई गावाकडे सरकलेली ७४वी पलटण तोफांपुढे अक्षरशः विरघळली. इंग्रज तोफांवर येऊन पडले तरी गोलंदाज हलले नाहीत, तिथेच संगिनींनी मारले गेले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागू लागले. त्या तोफा इंग्रजांना दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. वेलस्लीचे दोन घोडे त्या दिवशी गेले. पुढे वॉटर्लू जिंकूनही, लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असं विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतलं, असं सांगतात.

मग हरलो कसे? टेबलावर ते लख्ख दिसलं. उतार मोकळा. घोडदळ एवढं मोठं, पण ते जवळजवळ नुसतं बघत राहिलं. फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना गव्हर्नर जनरलनं जाहीरनामा काढून आधीच फोडलेलं. आणि होळकर तर टेबलावरच नव्हते. मी दोन तास लढले, ऐन वेळी फाशावर दोनदा एक पडला आणि हरले. चहा थंड झाला होता. तुम्ही हसाल, पण दोनशे वर्षांपूर्वीची ती हार मला त्या दिवशी प्रथम लागली. आठ वर्षं शिकवताना कधी लागली नव्हती.

बटणं आणि लवंगा

जूनमध्ये घरी परतले. चिरंजीवांचे इतिहासाचे गुण बघून ह्यांनी आधीच घर डोक्यावर घेतलं होतं. मोबाइल कपाटात बंद. बापलेकांत अबोला. म्हटलं, करून तर पाहू.

धातूचे शिपाई आपल्या खिशाला परवडायचे नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. आमची सामग्री सांगते, तुम्हांलाही मांडता येईल.

जेवणाच्या टेबलावर जुनी खाकी चादर. खाली वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या की उंचवटे होतात. परकराच्या निळ्या नाडीच्या दोन नद्या, उतारापाशी एक गाठ. काडीपेट्यांची गावं. शिपाई म्हणजे सासूबाईंच्या डब्यातली जुनी बटणं. एक बटण म्हणजे शंभर माणसं. इंग्रजांची पंचेचाळीस, तांबडी नि गडद रंगाची. शिंद्यांच्या पायदळाची मोजली तर बरोबर एकशे आठ, पांढरी. घोडदळाला चिंचोके, तेही मोजकेच, कारण ते त्या दिवशी फारसं लढलंच नाही. तोफांना लवंगा! एक लवंग म्हणजे दहा तोफा. शिंद्यांच्या दहा, इंग्रजांच्या दोन. लवंग हुबेहूब तोफेसारखी दिसते, बघा ठेवून.

नियम सोपे ठेवले. आळीपाळीनं डाव. पायदळ एका डावात दहा सेंटिमीटर, घोडदळ वीस. आधी वितीनं मोजत होतो, पण ह्यांची वीत आणि चिरंजीवांची वीत यावरून तंटा झाला, म्हणून शिलाईची टेप आणली. लवंगेपासून वीस सेंटिमीटरच्या आत शत्रू असेल तर फाशावर चार, पाच, सहाला एक बटण उचलायचं. चाळीसपर्यंत असेल तर फक्त सहाला. बटणं एकमेकांना भिडली की दोघांनी फासा टाकायचा, कमी पडेल त्याचं एक उचलायचं. बटणं नऊ-नऊच्या गटांत ठेवायची. गटातली तीन गेली की धीर तपासायचा. एक किंवा दोन पडले तर अख्खा गट मागे पळतो. उचललेलं बटण म्हणजे सगळे मेलेच असं नव्हे. काही मेले, काही घायाळ, काही पांगले. पण पुढच्या डावात ते नाहीत.

पहिल्या रविवारी चिरंजीव शिंदे झाले, हे वेलस्ली. दोन महिने न बोललेले बापलेक अर्ध्या तासात टेपवरून भांडू लागले. मला भरून आलं. स्वयंपाकघरातून मी ऐकत होते. चिरंजीवांच्या तोफा लागू पडल्या आणि ते ओरडायला लागले, "मेले! मेले! आणखी तीन मेले!" आणि बटणं टणाटण डब्याच्या झाकणात पडू लागली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

मला उमगायला नको का? त्यांचे थोरले भाऊ, त्यांचे अण्णा, मराठा पलटणीत होते. १९७१ च्या डिसेंबरात गेले. तार आली तेव्हा सासूबाई बारा वर्षांच्या. तार घेणाऱ्या त्याच होत्या, कारण घरात इंग्रजी अक्षर ओळखणाऱ्या तेवढ्याच. हे मला माहीत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, अण्णांचा फोटो रोज पुसते मी. तरी माझ्या मनात आलं नाही. ज्या घरात खरी तार आलेली आहे तिथे लढाई खेळायला मांडली मी, आणि वर त्यांच्याच डब्यातली बटणं घेतली.

दुसऱ्या दिवशी चादर घडी करून ठेवली, डबा फडताळात. क्षमा मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "अगं, पोर हसत होता. हसू दे." पण आवाज कोरडा होता.

'सुमारे' म्हणजे किती?

आठ दिवस असेच गेले. पुढच्या शनिवारी दुपारी वीज गेलेली. मी खिडकीपाशी वह्या तपासत होते. सासूबाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "त्या लढाईत खरोखरची किती गेली गं माणसं?"

मी टिपणवही काढली. म्हटलं, "आई, इंग्रजांकडचे ४२८ मेले, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. म्हणजे एकूण १५८४. त्यांतही बहुतेक पायदळ मद्रासचे शिपाई, आपलेच."

"आणि आपल्याकडचे?"

"सुमारे सहा हजार. मेलेले आणि जखमी धरून."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांचे अठरा बेपत्तासुद्धा मोजलेले. आणि आपले 'सुमारे'? 'सुमारे' म्हणजे काय गं? एखादा कमी-जास्त? तो कमी-जास्त कुणाच्या घरचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.ए.ला इतिहास घेतला, तो शिकवते, पण 'सुमारे' हा शब्द मी आकड्याआधी इतक्यांदा लिहिला आणि त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यांनीच बटणांचा डबा बाहेर काढला. चिरंजीवांना हाक मारली. म्हणाल्या, "उद्या मांडा तुमची लढाई. पण मी पंच. माझे दोन नियम. ओरडायचं नाही. आणि उचललेलं बटण झाकणात टाकायचं नाही. ज्यानं पाडलं त्यानं आपल्या हातानं या वाटीत ठेवायचं आणि तोंडानं म्हणायचं, शंभर." पुढ्यात त्यांनी एक पितळी वाटी ठेवली. म्युफ्लिंगच्या पंचालाही एवढा धाक नसेल.

रविवारी खेळ झाला. गंमत अशी की तो मागच्याहून जास्त रंगला. ओरडा नव्हता, पण विचार होता. चिरंजीवांनी आधीच्या चुका ओळखून उतारापाशी चार लवंगा नेऊन ठेवल्या. ह्यांनी नदी ओलांडायला घेतली आणि तिथेच अडकले. "शंभर," चिरंजीव म्हणायचे आणि बटण वाटीत ठेवायचे. "शंभर." पहिल्या पाच-सहांना आवाज मोठा होता. मग तो खाली येत गेला. ह्यांनीही मध्येच एकदा फासा हातात धरून विचारलं, "आई, माघार घेतली तर चालेल?" सासूबाई म्हणाल्या, "नियमात आहे का?" नव्हतं. मी तिथल्या तिथे घातलं. तुम्ही खेळलात तर माघारीचा नियम आधीच घाला. आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

असई मराठ्यांनी जिंकली! चिरंजीव उड्या मारणार एवढ्यात आजींनी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "मोज." इंग्रजांची सत्तावीस, आपली चौदा. एकेचाळीस. पोरगा मनातल्या मनात गुणाकार करत राहिला. मग म्हणाला, "आई, जिंकूनसुद्धा एकेचाळीसशे?" पाठ्यपुस्तकाच्या कुठल्या प्रश्नाला त्यानं इतकं नेमकं उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

खऱ्या असईनंतर नोव्हेंबरात लासवाडी आणि अडगाव झालं, ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. आमच्या टेबलावर काहीही होवो, ते बदलत नाही. मग पुन्हा खेळायचं कशाला, असं शेजारच्या एक बाई मला म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, आपण हरलो ते नशिबात होतं म्हणून नव्हे. एक उतार मोकळा राहिला, काही माणसं फुटली, काही आलीच नाहीत, म्हणून हरलो. हे हातानं मांडून पाहिलं की मुलाला आयुष्यभर पुरतं. आणि वाटी शेजारी असली की बाकीचंही कळतं. चिरंजीवांचे गुण वाढलेत का, असं विचाराल तर थोडे. पण जेवताना आता बापाशी बोलतो.

आठवीच्या वर्गात यंदा मी ती एक ओळ फळ्यावर लिहिली नाही. खडूनं दोन नद्या काढल्या आणि विचारलं, "मुलींनो, उतार कुठे असेल सांगा." पाच हात वर झाले.

त्या रविवारची शेवटची गोष्ट सांगून थांबते. पानं घ्यायची म्हणून टेबल आवरलं. सासूबाई बटणं मोजून डब्यात टाकत होत्या. तांबडी पंचेचाळीस भरली. पांढरी एकशे सात. पुन्हा मोजली. एकशे सात. मी म्हटलं, "आई, असू दे. एका बटणाचं काय? उद्या झाडताना सापडेल."

त्या म्हणाल्या, "नाही. एकशे आठ होती."

आमटी गार होत होती. ह्यांनी मोबाइलचा उजेड धरला, चिरंजीव फडताळाखाली पालथे पडले, केरसुणीच्या दांड्यानं चाचपलं. जाळी-जळमटं, एक जुना पेन्सिलीचा तुकडा, आणि मग पार भिंतीशी टेकलेलं ते पांढरं बटण. फुंकर मारून त्यानं ते आजीच्या तळहातावर ठेवलं.

"सापडली आजी, शंभरच्या शंभर."

सासूबाईंनी ते डब्यात टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "हं. आता वाढ गं."